थेंबाथेंबाचा हिशेब

चष्म्याला कायमचा बाय बाय करायचं ठरलं, की आपला पहिला प्रश्न असतो ‘खर्च किती?’ दुसरा, ‘मशीन कुठलं?’ आणि तिसरा, ‘सोमवारी ऑफिसला जाता येईल ना?’ बस्स, चौकशी संपली! गंमत बघा, लेझर प्रत्यक्ष डोळ्यावर चालतो तो मोजून काही सेकंद. पण त्याच्या आधी, त्या वेळी आणि पुढे कित्येक आठवडे डोळ्यात पडत राहतात ती औषधं. त्यांच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

माझी एक मैत्रीण याला अपवाद निघाली. हिंजवडीत आयटीत आहे. नंबर मायनस सहा, त्यात कॉर्निया पातळ. म्हणून डॉक्टरांनी लॅसिकऐवजी पीआरके सुचवलेलं. (लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून आत लेझर मारतात. पीआरकेत झडपबिडप नाही, सगळ्यात वरचा नाजूक थर काढून थेट काम.) संमतीपत्रावर सही करायच्या आदल्या रात्री तिने ते चक्क वाचलं! आणि साडेअकराला मला फोन. ‘‘अगं, यात मायटोमायसिन-सी लिहिलंय. ते तर कॅन्सरचं औषध आहे! मला नक्की काय झालंय?’’

तिला काहीही झालं नव्हतं. पण प्रश्न शंभर टक्के रास्त होता.

मायटोमायसिन हे खरंच केमोथेरपीचं औषध. जपानमध्ये १९५०च्या दशकात मातीतल्या जीवाणूपासून ते मिळालं. पेशींची वाढ रोखणं हे त्याचं काम, आणि पीआरकेत नेमकं तेच हवं असतं. जखम भरताना कॉर्नियातल्या पेशींनी जास्तच उत्साह दाखवला, तर तिथे धुरकट डाग धरतो. त्याला म्हणतात ‘हेझ’. नंबर मोठा असेल तर ही भीती जास्त. म्हणून लेझर झाल्यावर मायटोमायसिनमध्ये भिजवलेला छोटा स्पंज काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटं ठेवतात आणि मग डोळा भरपूर पाण्याने धुतात. सलाइनमधून रक्तात जाणाऱ्या केमोशी याची बरोबरी करायची म्हणजे फोडणीतल्या मिरचीला मिरचीची पोती म्हणण्यासारखं आहे.

म्हणजे निर्धास्त राहायचं का? तर तसंही नाही. नेहमीचं प्रमाण असतं ०.०२ टक्के. म्हणजे २ मिलिग्रॅम पावडर १० मिलिलिटरमध्ये. ती १ मिलिलिटरमध्येच कालवली तर औषध दहापट कडक! शिवाय ते बुबुळाच्या कडेला पसरू द्यायचं नसतं, कारण वरचा थर पुन्हा तयार करणाऱ्या मूळ पेशी तिथेच राहतात. आणखी एक. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये मायटोमायसिनला डोळ्यासाठी मंजुरी दिली, ती काचबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पीआरकेतला वापर ‘ऑफ-लेबल’. जगभर वर्षानुवर्षं रूढ आहे, पण पेशंटला सांगून करायचा. मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, ‘‘औषध कोण कालवतं? किती सेकंद ठेवणार?’’ डॉक्टर जराही वैतागले नाहीत, उलट कागदावर आकडे लिहून दिले. माझ्या मते या प्रश्नावर ज्या क्लिनिकात कपाळाला आठ्या पडतील, तिथून सरळ उठावं. डिस्काउंट कितीही असो.

आता डोळा बधिर करणारे थेंब. ही आयडिया १८८४ची. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने त्यासाठी चक्क कोकेन वापरलं होतं! आज वापरतात प्रोपॅराकेन. अर्ध्या मिनिटात काम सुरू, पाव तासात असर ओसरायला लागतो. ऑपरेशनपुरतं एकदम सेफ. पण पीआरकेनंतर पहिले दोन-तीन दिवस डोळा मरणाचा चुरचुरतो, आणि मग ‘तोच थेंब घरी द्या ना’ असा हट्ट होतो. अजिबात करू नका. हे थेंब पुन्हा पुन्हा टाकले तर जखम भरतच नाही, कॉर्निया विरघळायची वेळ येते आणि दुखत नसल्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझ्या लेखी खरा व्हिलन मात्र तिसराच आहे. स्टेरॉइड! ऑपरेशननंतर ते लागतंच. पीआरकेत तर कधी दोन-तीन महिने, हळूहळू कमी करत. पण साधारण एक तृतीयांश लोकांमध्ये या थेंबांनी डोळ्यातला दाब थोडाफार वाढतो, काहींमध्ये खूपच. तो वाढताना बहुधा काही दुखत नाही, दिसणंही छान असतं. आणि यातली मेख अशी, की लेझरने कॉर्निया पातळ झाल्यावर दाब मोजायचं यंत्र आकडा खराहून कमी दाखवतं. म्हणून तपासणाऱ्याला ‘माझं लेझर झालंय’ हे सांगायलाच हवं, अगदी दहा वर्षांनीसुद्धा. नाहीतर काचबिंदू चोरपावलांनी येतो.

आणि आपण काय करतो? ‘आता मस्त दिसतंय’ म्हणून फॉलो-अपला दांडी मारतो, आणि डोळा लाल झाला की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून तीच जुनी बाटली पुन्हा आणतो. शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळायला नको, पण ‘काका, तेवढं द्या ना’ म्हटलं की मिळतं.

जाता जाता, पिंपल्सवाल्यांसाठी. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. स्किनच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं वाटेल. पण ती पापण्यांतल्या तेलग्रंथी सुकवते, डोळा कोरडा पाडते, आणि लेझरनंतरही कोरडेपणाचीच तक्रार सर्वांत जास्त. अमेरिकेत मंजूर झालेल्या कित्येक लेझर यंत्रांच्या माहितीपत्रकांत, ही गोळी चालू असलेल्यांनी ऑपरेशन करू नये, असं छापलेलं आहे. गोळी थांबवून किती महिने थांबायचं, हे स्किनवाल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. लग्नाची तारीख बघून नव्हे.