‘पूरक’ प्रकाशयोजना

राज्य नाट्यस्पर्धेच्या परीक्षणांतले एक वाक्य आम्हांला पाठ झाले आहे : ‘प्रकाशयोजना आशयाला पूरक होती.’ संहितेवर चार परिच्छेद, अभिनयावर तीन, आणि दिव्यांच्या वाट्याला एवढेच. ज्या कलेला स्पर्धेत स्वतंत्र पारितोषिक आहे, तिच्यासाठी आपल्या समीक्षेजवळ एकच विशेषण असावे, याची आम्हांला लाज वाटते.

पण प्रश्न केवळ शब्दसंग्रहाचा नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात हौशी नाटकाचे दिवे कोण लावतो? बहुधा लग्नमंडपांची रोषणाई करणारा तरुण. जालना हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तिथे विजेच्या जाणकारांची वाण नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पण तो घराच्या नि कारखान्याच्या विजेचा. नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ आहे, पण ते या तरुणासाठी नाही. तो या दोहोंच्या मधल्या अंधारात उभा आहे.

त्याला कळायला हवे ते फार गूढ नाही. 1000 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर सुमारे 4.3 अँपिअर खेचतो. असे चार दिवे 16 अँपिअरच्या एका पॉइंटवर टाकले की भार मर्यादेबाहेर गेलाच. रंगमंचाच्या दोन बाजू दोन वेगळ्या फेजवर असल्या, तर त्यांच्यामध्ये सुमारे 400 व्होल्टचा दाब असतो. अर्थिंग नसलेल्या लोखंडी बारला हात लागणे म्हणजे मरणाशी गाठ. एलईडी दिव्यांनी भार हलका केला, पण डीएमएक्सच्या 512 चॅनेलांचे नवे गणित आणले : सहा चॅनेलांच्या पहिल्या दिव्याचा पत्ता 1, तर दुसऱ्याचा 7. आणि कलेचे म्हणाल, तर मॅकँडलेसने 1932 सालीच सांगून ठेवले आहे : रंगमंचाचे भाग पाडा, प्रत्येक भागावर दोन्ही अंगांनी, वरून तिरपा प्रकाश टाका, एक उबदार, एक शीतल. हे सारे मराठीत सांगायला किती पाने लागतील?

‘उस्तादाच्या हाताखाली शिकेल की’, असे म्हणणारे भेटतात. हात उस्तादाकडून तयार होतो, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु वीज चूक सुधारायला दुसरी संधी देतेच असे नाही. ‘इंटरनेटवर सगळे आहे’, म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : कोणत्या भाषेत?

आमची मागणी साधी आहे. शंभर पानांची, आकृत्यांची, स्वस्त मराठी पुस्तिका. साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती काढावी, नाट्यविभागांनी ती इलेक्ट्रिशियनांबरोबर बसून लिहावी. आणि स्पर्धेच्या प्रत्येक केंद्रावर प्रयोगांपूर्वी तीन दिवसांची कार्यशाळा व्हावी, तीही आयटीआयच्या मुलांना बोलावून.

ज्याच्या जिवाची काळजी आपण घेत नाही, त्याच्या कामाला ‘पूरक’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.