थंड वायू, तापलेला बाजार
नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. म्हणूनच कतारचा वायू जहाजाने दहेजला येतो आणि तिथे पुन्हा वायुरूप होऊन नळाने पुढे जातो. नळाची दोन्ही टोके ठरलेली असतात. जहाजाला मात्र वाटेत तोंड फिरवता येते. २०२२ मध्ये रशियाचा वायू आटला, तेव्हा युरोपने मिळेल त्या भावाने जहाजे खेचून घेतली. पाकिस्तानच्या जुलैमधील निविदेला कुणी विचारलेच नाही, तर बांगलादेशाने रोजच्या बाजारातील खरेदी थांबवून ऐन उकाड्यात भारनियमन सुरू केले.

भारत गरजेच्या जवळपास निम्मा वायू आयात करतो. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला, हे शहाणपणाचेच. पण ती जहाजेही होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येणार. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर, पादूर येथे भूमिगत साठे उभारले गेले. वायूसाठी तशी तजवीज नाही. द्रवरूप वायू टाकीत सतत थोडाथोडा उकळत राहतो, त्यामुळे साठवण महाग पडते, हे खरे. तो भार एकट्या आयातदार कंपन्यांवर न टाकता सरकारने त्यात वाटा उचलायला हवा.