गळकी गच्ची आणि दहा वर्षांची हमी

मे महिना सरत आला की सोसायट्यांच्या फाटकांवर, विजेच्या खांबांवर आणि वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये एकाच नमुन्याच्या जाहिराती दिसू लागतात. ‘गच्ची गळते? शंभर टक्के खात्रीचा इलाज. दहा वर्षांची लेखी हमी.’ खाली मोबाइल नंबर असतो. पत्ता बहुधा नसतोच. ज्याच्या छतावर गेल्या वर्षीचे पिवळे डाग अजून तसेच आहेत, असा माणूस घाईघाईने तो नंबर लावतो आणि पुढच्या मनस्तापाची सुरुवात तिथूनच होते.

नागपुरातील एका निवृत्त शिक्षिकेची हकिगत अशीच आहे. पतीच्या निधनानंतर त्या १९८८ साली बांधलेल्या आपल्या घरात एकट्याच राहतात. गच्ची सुमारे ९०० चौरस फुटांची. जूनच्या पहिल्याच पावसात निजण्याच्या खोलीत टपटप सुरू झाली, तेव्हा फोनवर बोलावलेला कंत्राटदार त्याच संध्याकाळी हजर झाला. दहा मिनिटे गच्चीवर फिरून त्याने निदान केले, “काकू, वरचा कोबा पार गेला. केमिकल मारून देतो, दहा वर्षं बघायचं काम नाही.” ५५ हजारांत सौदा ठरला, त्यातले ४० हजार आगाऊ आणि रोख. दोन पोरांनी गच्ची झाडली आणि पावसाच्या उघडिपीत दोन दिवसांत पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. हमी मिळाली ती व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूला, पेनने लिहून.

गणपतीपर्यंत त्या पांढऱ्या थरावर पुरीसारखे फुगे आले. खालचा कोबा ओला असताना वर थर चढवला, की आत कोंडलेली ओल उन्हाने तापते आणि वाफ होऊन थर उचलते. पुढच्या वर्षी कंत्राटदाराला फोन केला तेव्हा आधी “उद्या माणूस पाठवतो” असे उत्तर मिळत राहिले, नंतर नंबरच बंद झाला.

दुसरा कंत्राटदार जरा बरा वाटला. त्याने लेटरहेडवर कोटेशन दिले, चेकने पैसे घेतले, बिल दिले आणि जुना कोबा न काढता त्यावरच नवा कोबा घातला. खर्च १ लाख १० हजार. त्याही पावसाळ्यात छत गळलेच, आणि ऑगस्टमधल्या एका दुपारी छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पलंगावर, उशीच्या जागी कोसळला. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. वर पाहिले तर गंजून फुगलेल्या सळया दिसत होत्या.

तेव्हा कुठे एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. त्याने फी घेतली तीन हजार, पण दोन तास गच्चीवर घालवले. दोष कोब्यात नव्हताच. टाकीचा पाइप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो तिथली फट आणि कोपऱ्यातल्या पावसाळी पाइपचे तोंड, या दोन जागी पाणी शिरत होते. दुसऱ्या कोब्यामुळे तर गच्चीची पातळी अशी बदलली होती की पाण्याला पाइपकडे जायला उतारच उरला नव्हता. शिवाय ओझे वेगळेच. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. म्हणजे दुसऱ्या कंत्राटदाराने गंजत चाललेल्या स्लॅबवर सोळा-सतरा टनांचा बोजा नव्याने चढवला होता.

दोन्ही थर फोडून काढणे, राडारोडा हलवणे, सळया घासून त्यांवर गंजरोधक लावणे, छताची डागडुजी आणि उतार काढून नवा कोबा, हे सारे करताना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली मुदत ठेव मोडावी लागली. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली ती दीड वर्ष.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

गळतीच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी ठरते. पाणी जिथे ठिबकते तिथेच ते वर शिरले असेल असे नाही. स्लॅबमधल्या पोकळीतून, सळईच्या कडेने ते कित्येक फूट वाट काढते आणि जिथे जागा मिळेल तिथे खाली उतरते. म्हणूनच डाग पाहून त्याच्या बरोबर वरच्या जागी केमिकल ओतणारा कंत्राटदार एक तर अजाण असतो, नाही तर फार जाणता.

पहिली परीक्षा घरच्या माणसालाही करता येते. एप्रिल-मेमध्येही छत ओलेच राहत असेल तर दोष पावसाचा नाही, टाकीचा, नळाचा किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा आहे. पावसातच गळत असेल तर आधी गच्चीच्या कडा पाहाव्यात. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटची गोलाई करतात, कारागीर तिला ‘वाटा’ म्हणतात. निम्म्याहून अधिक वेळा तरी पहिली चीर तिथेच सापडते असे अनुभवी मिस्त्री सांगतात. पाइपांची तोंडे, टाकीचे पाये, बाहेरच्या भिंतीत कॉंक्रीटची तुळई आणि विटा जिथे भेटतात तो सांधा, खिडकीवरचे छज्जे आणि पाइपच्या आडोशाला उगवलेले पिंपळाचे रोप या जागाही तितक्याच संशयास्पद. पिंपळ वरून छाटून काही उपयोग नसतो. मूळ राहिले की तो पुढच्या पावसात दुप्पट जोमाने येतो आणि भेग रुंद करतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे गच्चीवर मातीचे किंवा मसाल्याचे बांध घालून एकेका भागात पाणी साठवून पाहणे. कोणत्या भागात पाणी भरल्यावर खाली ओल येते हे कळले की निम्मे काम झाले. मात्र दोन इंच पाण्याचे वजन दर चौरस मीटरला ५० किलो होते. स्लॅब जुना, सळया उघड्या पडलेल्या असतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

बाहेरच्या भिंतींचीही हीच तऱ्हा. ओल्या भिंतीवर महागडा रंग देऊन पोपडे झाकणारे अनेक भेटतात. परांची बांधायचा खर्चच एवढा असतो की ती बांधली आहे तोवर चिरा खोदून, मसाल्याने भरून आणि पाइपांचे सांधे तपासूनच रंगाचा डबा उघडावा.

वास्तविक छप्पर राखणे हे एकदाच करून विसरण्याचे काम कधीच नव्हते. कोकणात पावसाआधी घर शाकारण्याची, कौले चाळण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि नळीच्या कौलांची जागा हळूहळू मंगलोरी कौलांनी घेतली, तरी फुटके कौल बदलायला दरसाल माणूस छपरावर चढतच राहिला. चेन्नईकडे जुन्या गच्च्यांवर विटांची खडी आणि चुना यांचा थर देत, त्या चुन्यात हिरडा आणि गूळ भिजवलेले पाणी घालत. बंगालमध्ये अशाच चुना-सुरकीच्या थराला ‘जलछाद’ म्हणतात. हे थर दिवसचे दिवस लाकडी थापीने ठोकून घट्ट करावे लागत. आजच्या कंत्राटदाराला हे सांगितले तर तो हसेल, कारण त्याला परवा दुसऱ्या साइटवर जायचे असते.

कागदावर काय हवे?

दहा वर्षांच्या हमीचे गूढ फार साधे आहे. रसायने बनवणारी कंपनी हमी देते ती बहुधा मालाची, आणि तीही तिने नेमलेल्या माणसाने तिच्या पद्धतीने काम केले असेल तरच. काम करणारा हमी देतो ती मजुरीची. माल बिघडला की तो कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी त्याच्याकडे दाखवते. तेव्हा हमी कोणाची, कशाची आणि पुन्हा गळल्यास किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने दुरुस्ती होणार, हे पूर्ण पत्ता आणि जीएसटी क्रमांक असलेल्या कागदावर यायला हवे. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हा सल्ला मोठा गोड लागतो. बिल गेले की तक्रारीचा आधारही गेला, हे नंतर उमगते.

मोजमापाकडेही लक्ष हवे. कामाचा दर चौरस फुटावर किंवा ब्रासवर ठरतो, १०० चौरस फुटांचा एक ब्रास. गच्ची, कठड्याची आतली बाजू आणि वाटा हे तिन्ही एकाच दरात धरले आहे की वाट्याचे पैसे धावत्या फुटाने वेगळे लागणार, हे आधी विचारले नाही तर अंतिम बिल अंदाजाच्या दीडपट झालेले पाहण्याची वेळ येते. राडारोडा कोण उचलणार आणि परांचीवर चढणाऱ्या मजुरांचा विमा कोणाकडे, हेही त्याच कागदात लिहून घ्यावे. मजूर पडला तर तोंडी बोलण्याला अर्थ उरत नाही.

पैसे देताना हात आखडता ठेवणे बरे. सुरुवातीला दहा-वीस टक्के, पुढे कामाप्रमाणे, आणि शेवटचे निदान दहा टक्के एक पावसाळा कोरडा गेल्यावर. कसलेला कंत्राटदार ही अट मान्य करतो, थोडी कुरकुर करून का होईना. गच्चीला दर दहा फुटांमागे साधारण सव्वा इंच उतार मिळाला की नाही ते पाणी ओतून पाहावे. नवा कोबा निदान सात दिवस भिजत ठेवावा आणि मग दोन-तीन दिवस पाणी साठवून परीक्षा घेतल्याशिवाय हिशेब पुरा करू नये. रसायनाच्या रिकाम्या बादल्या मोजून जपून ठेवल्या तर किती माल खरोखर लागला आणि किती पाणी मिसळले, याचाही अंदाज येतो.

कंत्राटदारांची बाजू अगदीच पोकळ नाही. तीन कोटेशने मागवून लोक डोळे मिटून सर्वांत स्वस्त निवडतात, पाच जूनला फोन करतात आणि सात जूनला काम पुरे हवे म्हणतात. कोब्याला पाणी मारायचे काम घरच्यांवर सोपवले तर दुसऱ्याच दिवशी विसरतात. हे काम ऑक्टोबरनंतर, गच्ची पुरती वाळल्यावर करायचे असते. पण तेव्हा छत गळत नसल्याने कोणालाच आठवण राहत नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांचे दुखणे निराळे. वरच्या मजल्यावरचा सभासद भिजतो आणि खालचे सहा मजले सभेत म्हणतात, “तुमचं छत, तुम्ही बघा.” हे चूक आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसामुळे वरच्या मजल्याच्या छताचे आणि गिलाव्याचे नुकसान झाले तर दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. पुण्यातील एका गृहस्थांनी रागाच्या भरात देखभालीचे पैसेच थांबवले. परिणाम असा झाला की गळती राहिली बाजूला आणि ते स्वतः थकबाकीदार ठरले, समितीची निवडणूक लढवण्याचा हक्कही गमावून बसले. पैसे भरत राहून लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि समिती दाद देत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावे, हीच वाट जवळची.

फसवणूक झालीच तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणीला ‘सेवा’ ठरवले. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंत्राटदार कोणत्याही गावचा असो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला घेता येतो.

नागपूरच्या बाईंनी पहिल्या कंत्राटदारावरचे पाणी सोडले, कारण रोखीचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी एक व्हिजिटिंग कार्ड होते. दुसऱ्याला मात्र त्यांनी बिल, चेकची नोंद, गिलावा पडल्याची छायाचित्रे आणि इंजिनिअरचा अहवाल जोडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस धाडली. महिनाभर तो हुज्जत घालत राहिला. शेवटी प्रकरण आयोगापर्यंत जाऊ नये म्हणून त्याने ४० हजार परत केले.

सध्या या विषयात एक नवे निमित्त आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर अनेक घरांच्या गच्चीवर सौर पॅनेल बसत आहेत. त्यांच्या लोखंडी पायांसाठी थेट कोब्यात ड्रिल मारले जाते आणि वॉटरप्रूफिंगवाला दुसऱ्या दिवसापासून हमीतून मोकळा होतो. पॅनेल एकदा बसले की त्याखालची गच्ची दुरुस्त करायला सगळा सांगाडा उतरवावा लागतो. त्यामुळे गच्चीचे काम आधी उरकून घ्यावे आणि पॅनेलवाल्याला कोबा न भेदता सिमेंटच्या ठोकळ्यांवर पाय बसवायला सांगावे. ठोकळ्यांचे वजन स्लॅबला पेलेल का आणि वादळवाऱ्यात सांगाडा टिकेल का, हे इंजिनिअरला विचारून. डिश अँटेना लावायला येणाऱ्या पोराच्या हातातल्या ड्रिलवरही नजर ठेवावी.