वाईन आपल्या वावरातली, मग ताटात फ्रेंच फ्राईज कशाला?

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीकडे, विंचूर-निफाडकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. लोक वायनरीत येतात, बाग बघतात, ग्लास घेऊन बसतात. येऊ द्या, चांगलंच आहे. पण त्या ग्लासासोबत टेबलावर काय येतं ते जरा बघा. फ्रोझन बटाट्याच्या काड्या, बाटलीतले ऑलिव्ह, डब्यातलं चीज. आणि त्याच दिवशी पाच-दहा मैलांवरच्या मार्केटात कोथिंबीर शेकडा दोनशे-तीनशेने पुकारली जात असते.

गेल्या पावसाळ्यात माझी कोथिंबीर शेकडा तीनशेने गेली. म्हणजे जुडी तीन रुपये. त्यातून काढणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली. ज्यांनी जुड्या बांधल्यात त्यांना पुढचा हिशोब सांगायला नको.

आता आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर लगेच भांडण सुरू होईल. मी कुणाला वाईन प्यायला सांगत नाही. वाईन म्हणजे औषध, आरोग्याला चांगली, असलं काही मी लिहिणार नाही. दारू ती दारू, आणि दारूने मोडलेली घरं प्रत्येक गावात आहेत. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा विरोध झाला, आणि तो निर्णय अमलात आला नाही, हे आपण पाहिलंय. त्या विरोधातली काळजी मला कळते. पण दुसरी बाजूही आहे. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि तेव्हापासून या जिल्ह्यात वाईनची द्राक्षं लावलेले शेतकरी आहेत. ही द्राक्षं लहान मण्याची, बियांची, जाड सालीची. वायनरीने नाही घेतली तर पेटीत भरून विकता येत नाहीत. २००८ नंतर मंदी आली, मागणी बसली, तेव्हा कितीतरी जणांनी बागा तोडल्या. धंदा एकाच पिकावर, एकाच गिऱ्हाइकावर उभा असला की असं होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: पाहुणा आपल्या शिवारात आलाच आहे, तर त्याच्या ताटातला पैसाही शिवारातच राहू द्या.

आणि हे नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. आपल्या भाज्या वाईनसोबत खरंच जमतात, आणि त्याला कारण आहे.

कोथिंबीर वडी घ्या. सॉव्हिन्यॉ ब्लॉ नावाच्या पांढऱ्या वाईनला जो हिरवट वास असतो, कापलेल्या ढोबळी मिरचीसारखा, तो मेथॉक्सीपायरझीन नावाच्या घटकांमुळे. हाच घटक ढोबळी मिरचीत असतो. घडावर ऊन पडलं, द्राक्ष पिकत गेलं की तो कमी होतो, दाट कॅनॉपीत जास्त राहतो. कृषीवाले मित्र हे माझ्यापेक्षा नीट सांगतील. तर हिरव्या वासाला हिरवा वास मिळतो आणि वाईनचा आंबटपणा वडीचं तेल जिभेवरून धुऊन काढतो. आपण भज्यावर लिंबू पिळतो ना, तेच काम. फक्त मग वडीवर वेगळं लिंबू पिळू नका. आधी लिंबू चाखलं की वाईन मचूळ लागते.

वडी करताना घरच्यापेक्षा मिरची निम्मी. याचं कारणही सांगतो. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं, आणि लाल वाईनमधला तुरटपणा त्यात भर घालतो. म्हणून मिसळीच्या तर्रीवर लाल वाईन देणारे लोक मला समजत नाहीत. नाशिकची मिसळ एकटीच समर्थ आहे, तिला ग्लास नको. फारच हौस असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लॉ घ्या. त्या गोडीने जाळ थोडा बसतो.

गिलक्याची भजी हे तर आपलं खास. जळगाव-धुळ्यापासून नाशिकपर्यंत माहीत, मुंबईच्या पाहुण्याला बहुतेक नवीन. गिलकं कोवळं पाहिजे, बी धरायच्या आत तोडलेलं. चकत्या कापून आधी मीठ लावून ठेवू नका, पाणी सुटतं आणि पीठ सरकतं. मीठ पिठातच. ही भजी गरम आणि सोबत फसफसणारी स्पार्कलिंग वाईन. बुडबुडे, आंबटपणा आणि खारट तळलेलं, यापेक्षा सोपी जोडी नाही. दिंडोरीत स्पार्कलिंग वाईन तयार होते आणि दिंडोरीतच गिलकं पिकतं, पण दोघांची भेट काही होत नाही.

वांग्याचं भरीत शिराझसोबत. शिराझला जो मिऱ्यासारखा वास येतो तो रोटंडोन नावाच्या घटकाचा, आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. त्यामुळे भरतात हिरवी मिरची कमी करून थोडी मिरी कुटून टाका, वांगं मात्र काड्यांवर भाजलेलं, गॅसवर नाही. बाजरीच्या भाकरीचे छोटे तुकडे कडक करून त्यावर भरीत. कच्चा कांदा वर घालू नका, लाल वाईनसोबत तो उग्र होतो. कांद्याच्या जिल्ह्यात हे सांगतोय, माफी असावी! कारलं आणि मेथीही लाल वाईनपासून लांब. कडूला तुरट भेटला की दोन्ही वाया.

हुरडा वेगळा सांगायला नको. ज्वारीचा हुरडा आणि वाईन द्राक्षाची तोडणी एकाच सुमारास येते, जानेवारी-फेब्रुवारीत. लसणाची चटणी तेवढी जपून.

आता पैशाचं बोलू, कारण इथे लोक हवेत जातात. आमच्याकडे एका बाजारी जुडीत साधारण चाळीस वड्या होतात. सहाची एक प्लेट धरली तर सहा-सात प्लेटा. तीन रुपयांच्या जुडीचं शे-दोनशे रुपयांच्या प्लेटीत रूपांतर, असा हिशोब कुणी प्रशिक्षणात फळ्यावर मांडला की टाळ्या पडतात. पण वडीत महाग काय आहे? बेसन, तेल, गॅस आणि बाईचे हात. कोथिंबीर सगळ्यात स्वस्त. शिवाय एकरभर कोथिंबिरीच्या हजारो जुड्या निघतात आणि पन्नास माणसांच्या पार्टीला दहा पुरतात. म्हणजे यातून पडलेला भाव वर येणार नाही. भावाचा प्रश्न बाजाराचाच आहे, त्याला वडी उत्तर नाही. हा जोडधंदा आहे आणि तो घरातल्या बाईच्या कष्टावर चालतो. म्हणून तिची मजुरी आधी धरा, नफा मग मोजा. बचत गटाने करायचं असेल तर दर प्लेटमागे गटाला किती, हे वायनरीशी किंवा कृषी पर्यटनवाल्याशी लेखी ठरवा. आमच्या भागातल्या एका ठिकाणी बायकांनी दोन हंगाम वड्या पुरवल्या. पाहुण्यांनी फोटो काढले, कौतुक झालं, आणि पैसे तीन-तीन महिने अडकले. कौतुकावर तेलाचा डबा येत नाही.

परवान्याचं सोपं आहे. वाईन विकायची किंवा ओतायची तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो धंदा आपला नव्हे. खाद्यपदार्थाला अन्न सुरक्षेची नोंदणी पुरते, छोट्या उद्योगाला ती अवघड नाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये योजना आणली, तिच्यात यंत्रसामग्रीला ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. पण आधी वडी खपते का ते बघा, मग मशीन.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, आठवतंय ना? त्यानंतर द्राक्षवाला फवारणी आणि तोडणी यातले दिवस मोजायला पक्का शिकला. तोच माणूस घरच्या पालेभाजीवर मात्र परवा मारलेलं औषध आज विसरतो. कोथिंबीर पूर्ण पानासकट पोटात जाते, तिला सालही नाही सोलायला. पाहुण्याच्या ताटात जाणारा तुकडा वेगळा ठेवा, त्याची फवारणीची वही वेगळी ठेवा. वायनरीचा शेफ उद्या विचारेल तेव्हा दाखवायला तीच कामाला येईल.

आणि जो पीत नाही त्याच्यासाठी त्याच टेबलावर थंड द्राक्षाचा रस किंवा कोकम ठेवा. वडी त्याच्यासोबतही तेवढीच चांगली लागते. माझी आई वायनरीत फक्त भजी खायला येईल म्हणते, तिचंही गिऱ्हाईक धरा.

लाल वाईन देणाऱ्यांना एक सूचना. बाटलीवर "रूम टेम्परेचर" म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं, साधारण १६ ते १८ अंश. मार्चमधल्या नाशिकच्या पडवीत ती तशीच ठेवली तर कोमट काढा होतो. प्यायच्या आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

माझं या वेळचं नियोजन असं आहे: दहा गुंठे एकदम टाकण्यापेक्षा दोन-दोन गुंठ्यांचे चार टप्पे, दहा-दहा दिवसांच्या अंतराने, पहिला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जानेवारीअखेरपासून हंगामभर कोवळी कोथिंबीर मिळेल, डांडे फुटायच्या आत काढता येईल. गिलक्याचं कुणाकडे थंडीत चांगलं चालणारं बियाणं असेल तर सांगा. माझी वेल जानेवारीत रुसते.