पीसीनं मान टाकली? आधी संशयितांची परेड घ्या!

आठवडाभर बॉसची बोलणी खाल्ली, शुक्रवारी रात्री हेडफोन चढवला, दोस्तमंडळी ऑनलाइन जमली, मॅच ऐन रंगात आली आणि... फट्! स्क्रीन काळा, पंखे बंद, कॅबिनेटमधले लाल-निळे दिवे गुल. बटण दाबलं की पीसी असा सुरू होतो, जणू काही झालंच नाही. एक्सेल चालतं, पिक्चर चालतो, ऑफिसचा व्हिडीओ कॉल तर (दुर्दैवानं) हमखास चालतो. गेम लावला, की वीस मिनिटांत पुन्हा फट्!

ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा डायलॉग ठरलेला असतो. ‘दुकानवाला म्हणतोय, मदरबोर्ड गेला.’ काही वीर तर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडच्या वाटेला लागलेले असतात. मी त्यांना एवढंच सांगतो, राव, पाकीट खिशात ठेवा. फुकटातल्या चाचण्या आधी उरका.

कसा गेला, ते आठवा

पहिला प्रश्न हाच. निळा स्क्रीन येऊन गेला असेल, तर संशय ड्रायव्हर किंवा रॅमवर. स्क्रीन काळा झाला पण पंखे फिरतायत, हेडफोनमध्ये गेमचा आवाज येतोय, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा मॉनिटरची केबल तपासा. आणि सगळंच एका झटक्यात बंद झालं असेल, तर मुख्य संशयित दोन : वीज आणि उष्णता. घरातला एमसीबी पडतो ना, तसाच हा प्रकार असतो. आत काहीतरी हाताबाहेर जातंय हे ओळखून मशीन स्वतःला वाचवतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली, तर घाबरू नका. पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ. का, ते ती सांगत नाही. म्हणजे पंचनामा झाला, तपास बाकी आहे.

संशयित नंबर एक : टेबलाखालचा यूपीएस

याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. गेल्या मे महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राला मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही बदलायचा सल्ला मिळाला होता. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्याचं कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॉटचं. गेम चालू असताना प्रोसेसर धरा ८०, बाकी सटरफटर ५०. झाले ३००. एसएमपीएस स्वतः थोडी वीज खातो, म्हणून भिंतीतून ओढले जातात साधारण ३५०. त्यात मॉनिटरचे ३०. एकूण ३८०! आणि यूपीएस? ६०० व्हीए. डब्यावरचा हा आकडा वॉटचा नव्हे. अशा यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॉटच्या आसपास असते. व्होल्टेज जरा खाली-वर झालं, यूपीएस बॅटरीवर गेला, की हा भार त्याला पेलत नाही. एक्सेलच्या वेळी कार्ड झोपलेलं असतं, म्हणून तेव्हा सगळं गोडीगुलाबीनं चालतं.

चाचणी सोपी. यूपीएस बाजूला ठेवा, अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या सॉकेटला पीसी थेट जोडा आणि तासभर खेळा. इस्त्री, ओव्हन त्याच बोर्डावर नको. पीसी टिकला तर चोर सापडला! मित्राचा टिकला. नवा यूपीएस त्याला घ्यावा लागला, पण कार्डाचे पैसे वाचले.

संशयित नंबर दोन : गरमी

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. ते दर दोन सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहून ठेवू शकतं. पीसी मेला, की त्या फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ७०-८० अंशांवर असेल तर तो निर्दोष. ९५-१०० ला टेकला असेल, तर मामला तापलाय. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे गेम अडखळतो. तरीही पारा चढत राहिला, तरच मशीन बंद होतं. म्हणून आधी अडखळून मग बंद पडला, तर संशय गरमीवर घ्या.

उपाय? शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असेल, तर कॅबिनेटची जाळी एकदा बघाच. प्लग काढा, गॅलरीत न्या, ब्लोअरनं धूळ उडवा. पंख्याची पाती मात्र बोटानं धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरू देऊ नका. कूलरचा पंखा फिरतोय का, स्क्रू सैल नाहीत ना, तेही बघा. वर्षानुवर्षं जुनी थर्मल पेस्ट बदलून घ्या. आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. खोलीतला पारा दहा अंश चढला, की आतलाही जवळपास तेवढाच चढतो.

संशयित नंबर तीन : एसएमपीएस

थेट सॉकेटला जोडूनही बंद पडतो आणि तापमानही ठीक आहे, तर आता याची पाळी. नवी ग्राफिक्स कार्डं क्षणार्धापुरती आपल्या ठरलेल्या वॉटच्या कितीतरी पुढे उडी मारतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात तर असे दुप्पट भाराचे झटके १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसण्याची अट घातली गेली. जुना किंवा लोकल एसएमपीएस तिथेच हात टेकतो.

कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळालेला एसएमपीएस असेल, तर त्याचं लेबल वाचा. डब्यावर ५०० वॉट, पण १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर? गुणाकार करा : ३०० वॉट. कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते याच ३०० वर!

खात्री करायची तर गेमचा फ्रेमरेट ६० वर बांधा, कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. आता बंद पडत नसेल, तर संशय बळावला. मग मित्राचा चांगला एसएमपीएस एका रात्रीपुरता उसना आणा. कार्डाला दोन कनेक्टर असतील, तर दोन वेगळ्या केबल लावा. दोन सूचना मात्र पाळाच. एका कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल दुसरीच्या एसएमपीएसला लावायची नाही, दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते आणि ती झटका देते. आपल्याला मॅच जिंकायचीय, हॉस्पिटल नाही गाठायचं.

हे तिन्ही संशयित सुटले, तरच मदरबोर्ड आणि कार्डाकडे बोट दाखवा. तेव्हाही दुकानवाल्याला सांगा, ‘आधी दुसरं कार्ड लावून चालवून दाखवा, मग बिल करा.’ एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दुरुस्त कशानं झालं ते कळणारच नाही. आणि हो, तपास संपेपर्यंत ऑफिसच्या फाइल्सचा बॅकअप घेऊन ठेवा. असे झटके खाता खाता एखादी फाइल खराब झाली, तर सोमवारी बॉसला काय सांगणार? हेडशॉट मारत होतो म्हणून?