पिस्तूल खिशाच्या मापाचे की हाताच्या?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याची शंभर वर्षांहून जुनी एक अट रद्दबातल ठरविली. अंगावर पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागणाऱ्या इसमाने आपली गरज इतरांहून वेगळी व विशेष आहे हे सिद्ध करावे, अशी ती अट होती. त्या निकालापाठोपाठ शेजारच्या न्यू जर्सी राज्यानेही आपली तशीच अट सोडली, आणि तेथील एडिसनच्या परिसरात वर्षानुवर्षे दुकाने चालविणाऱ्या, रात्रपाळी संपवून एकट्याने घरी परतणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे, जो प्रश्न तोवर कायद्यानेच परस्पर निकालात काढला होता, तो प्रथमच उभा राहिला. परवान्यासाठी अर्ज करावा की न करावा हा त्या प्रश्नाचा पूर्वार्ध. केल्यास कोणते पिस्तूल घ्यावे हा उत्तरार्ध. या उत्तरार्धाला बाजारात एकच ठराविक उत्तर मिळते, ते असे की, सर्वांत लहान असेल ते घ्यावे. हे उत्तर चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडल्यावाचून खंडनास हात घालू नये, हा आपल्या वादपद्धतीचा जुना दंडक आहे. तेव्हा प्रथम पूर्वपक्ष. तो म्हणतो : संकट पूर्वसूचना देऊन येत नाही, म्हणून शस्त्र सदैव जवळ असले पाहिजे, जे जड व अवजड असते ते माणूस पहिले आठ दिवस कमरेला लावतो आणि नवव्या दिवशी कपाटात ठेवतो, आणि कपाटातल्या उत्तम पिस्तुलापेक्षा खिशातले सामान्य पिस्तूल केव्हाही श्रेयस्कर. या युक्तिवादाला इतिहासाचेही पाठबळ आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने एकोणिसाव्या शतकात एका गोळीची खिशातली पिस्तुले बनविली. जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या आरंभी जाकिटाच्या खिशात मावणारे स्वयंभरण पिस्तूल रचले. स्मिथ अँड वेसन कारखान्याने १९५० साली पाच गोळ्यांचे आखूड रिव्हॉल्व्हर काढले, ते साध्या वेशात हिंडणाऱ्या पोलीस अंमलदारांच्या अंगवळणी पडले. लहान शस्त्राची मागणी ही नवी लहर नव्हे, हे म्हणूनच बिनतक्रार मान्य केले पाहिजे.

परंतु मागणी जुनी आहे एवढ्यावरून ती सर्वस्वी ग्राहकाच्या गरजेतूनच उपजली, असे ठरत नाही. १९९४ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठी नव्याने बनणाऱ्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा घातली आणि ती २००४ पर्यंत अमलात राहिली. दहाहून अधिक गोळ्या देताच येत नाहीत, तर त्या दहा गोळ्यांपुरतेच लहान पिस्तूल का करू नये, असा हिशेब कारखानदारांनी केला, आणि ग्लॉक २६ सारखी आखूड मुठीची पिस्तुले त्याच सुमारास बाजारात स्थिरावली. पुढे २००८ साली रूगर कंपनीने .३८० बोअरचे, पावणेतीनशे ग्रॅमांच्याही आत वजन असलेले एलसीपी काढले. २०१८ साली सिग सॉअरने पी ३६५ या सुमारे पाचशे ग्रॅमांच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरची दहा काडतुसे बसवून दाखविली. तात्पर्य, आकार कमी होण्यामागे खिशाइतकाच कायद्याचा आणि स्पर्धेचा हात आहे. आणि जे ज्या कारणाने निर्माण झाले ते त्याच कारणाने माझ्या हिताचे आहे, असे म्हणणे हा सरळसरळ हेत्वाभास होय.

आता मुख्य आक्षेप. पिस्तूल जवळ असणे आणि पिस्तूल चालविता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पूर्वपक्षाने पहिलीच्या सिद्धीत दुसरी गृहीत धरली आहे. पदार्थविज्ञानाचा नियम येथे कोणाचीही भीड धरीत नाही. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडले, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. मूठ आखूड असल्यामुळे करंगळीला, आणि कित्येकांच्या अनामिकेलाही, आधार उरत नाही; म्हणजे धक्का वाढतो नेमका तेव्हाच पकड घटते. आखूड दांड्याची कुऱ्हाड वाहून नेणे सोपे आणि तिने लाकूड फोडणे कठीण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला येथे अधिक समजावण्याची गरज नसावी. नेमाचीही तीच कथा. पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर सतरा सेंटिमीटर असेल, तर नेम धरताना झालेल्या एका मिलिमीटरच्या चुकीने सात मीटरांवर गोळी सुमारे चार सेंटिमीटर ढळते. तेच अंतर दहा सेंटिमीटर असेल, तर ती सात सेंटिमीटर ढळते. भ्यालेल्या माणसाच्या हाताची चूक एका मिलिमीटरवर थांबत नाही, हे निराळे सांगावयास नको. यावरून निघणारा सिद्धांत असा की, सर्वांत लहान पिस्तूल हे सर्वांत अधिक कौशल्य मागणारे पिस्तूल आहे. आणि बाजार ते सर्वांत कमी कौशल्य असलेल्या ग्राहकाच्या हाती देतो.

येथे पूर्वपक्ष एक उपयुक्तिवाद पुढे करतो, तो स्त्रियांच्या नावाने. हात लहान, शक्ती कमी, म्हणून शस्त्रही लहान, अशी त्याची मखलाशी. आपल्याकडेही कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे पाचशे ग्रॅम वजनाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर याच भूमिकेवरून स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले होते. रिव्हॉल्व्हरचा चाप लांबवर आणि जोराने ओढावा लागतो, आणि तेवढ्या वेळात हलकी नळी हलण्याची भीती अधिक, ही अडचण वजन घटविल्याने दूर होत नाही, उलट बळावते. स्वयंभरण पिस्तुलात तर बाब अधिकच विपरीत आहे. लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी असते, सबब तिला आवरण्यासाठी स्प्रिंग कडक घालावी लागते, आणि ती स्लाइड मागे ओढताना दुर्बळ मनगटाची जी दमछाक होते ती मध्यम आकाराच्या पिस्तुलावर होत नाही. दुबळ्या हातासाठी म्हणून जे सुचविले जाते तेच दुबळ्या हाताला सर्वाधिक छळते, हा उघड वदतोव्याघात आहे.

दुसरा उपयुक्तिवाद दांडग्या गोळीचा. पिस्तूल लहान आहे ना, मग गोळी मोठी घ्या, म्हणजे उणीव भरून निघेल, असे सांगणारे आजही भेटतात. या मताची परीक्षा अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने, म्हणजे एफबीआयने, स्वतःच्या खर्चाने करून ठेवली आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे झालेल्या चकमकीत त्या खात्याचे दोन अंमलदार ठार झाले; त्यानंतर खाते १० मिलिमीटरकडे वळले, तिचा धक्का अनेकांना आवरेना म्हणून .४० कडे आले, आणि सुमारे तीस वर्षांच्या फेऱ्यानंतर पुन्हा ९ मिलिमीटरवर स्थिर झाले, कारण गोळ्यांची रचना मधल्या काळात सुधारली होती आणि सौम्य धक्क्याच्या पिस्तुलाने अंमलदारांचा नेम अधिक चांगला लागत होता. ज्यांचा सराव सक्तीचा आहे त्यांनी जर हा निष्कर्ष काढला, तर वर्षातून दोनदा मैदानावर जाणाऱ्या गृहस्थाने उलट दिशेस का जावे?

तिसरा मुद्दा ठेवण्याच्या जागेचा. लहान पिस्तूल खिशात, पर्समध्ये, मोटारीच्या कप्प्यात कोठेही राहते, हा त्याचा गुण म्हणून गणला जातो. मी तो दोष समजतो. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील शिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिले की, सशक्त हल्लेखोर एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात शिकलेला माणूस कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल जेमतेम बाहेर काढतो. पर्सची चेन उघडणाऱ्याने या हिशेबात आपले स्थान कोठे हे स्वतःच ठरवावे. याहून गंभीर गोष्ट अशी की, अंगापासून सुटलेले पिस्तूल कोणाच्याही हाती पडते. आयडाहो राज्यातील हेडन गावी ३० डिसेंबर २०१४ रोजी दोन वर्षांच्या बालकाने आईच्या पर्समधले लहान पिस्तूल काढले आणि त्याच्या हातून चाप ओढला जाऊन ती माता जागीच गतप्राण झाली. ती पर्स शस्त्र बाळगण्यासाठीच मुद्दाम शिवलेली होती. पिस्तुलाची ‘कोठेही राहण्याची’ सोय कोणत्या किमतीला मिळते, याचा याहून स्पष्ट दाखला शोधण्याची आवश्यकता नाही.

पूर्वपक्ष येथे संपतो. परंतु अगदी उलट बाजूने आणखी एक प्रतिपक्षी उभा आहे, आणि तो अधिक समर्थ आहे. तो म्हणतो, लहान की मध्यम हा वादच पोकळ आहे, कारण घरात आलेले पिस्तूल चोरापेक्षा घरच्या माणसाचाच अधिक घात करते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. या आकड्यापुढे मी मान तुकवतो. ज्या घरात कोणी खोल नैराश्याने ग्रासले आहे, किंवा मद्याचा अंमल चालतो, तेथे आकाराची चर्चाच अप्रस्तुत; तेथे पिस्तूल येऊ नये. पण यावरून कोणीही निवड करू नये, असा सार्वत्रिक निष्कर्ष निघत नाही; निघतो तो एवढाच की, कुलुपाची तिजोरी आणि घरातील माणसांची मनःस्थिती हे पिस्तुलाच्या निवडीचेच भाग आहेत, आणि ज्याने ते हिशेबात धरले नाहीत त्याने अद्याप निवड केलीच नाही.

आता मंडन. माझ्या मते निवडीचा क्रम बाजारातील क्रमाच्या बरोबर उलटा असावा. प्रथम हात : तीन बोटे मुठीवर पूर्ण बसतात की नाही, चापापर्यंत तर्जनी सहज पोचते की नाही, स्लाइड विनासायास मागे येते की नाही. मग होल्स्टर : चापाचे कडे पूर्ण झाकणारे, पट्ट्याला घट्ट बसणारे, आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड न मिटणारे. मग वस्त्र : सदरा किंचित सैल घेणे हे पिस्तूल किंचित लहान घेण्यापेक्षा स्वस्त पडते. आणि शेवटी गोळ्यांची संख्या. न्यू जर्सीत २०१८ पासून मॅगझिनला दहाचीच मर्यादा आहे. म्हणजे १९९४ चा कारखानदारांचा हिशेब तेथे आज ग्राहकाने करावयाचा आहे. परंतु या वेळी उत्तर सर्वांत लहानाकडे जाऊ नये, तर दहा गोळ्या सांभाळून हाताला पुरेल अशा आकाराकडे जावे. ग्लॉक २६ किंवा पी ३६५ यांच्या मापाची पिस्तुले त्या सीमेवर उभी आहेत. ज्याची करंगळी तेथेही लोंबते त्याने एक पायरी वर चढून थोडी लांब मूठ घ्यावी, आणि ज्याची लोंबत नाही त्याने तेथेच थांबावे. एलसीपीच्या आकाराचे पिस्तूल अनुभवी माणसाचे दुसरे शस्त्र होऊ शकेल. नवशिक्याचे पहिले होऊ नये.

या सर्वांचे प्रमाण एकच, आणि ते कागदावर मिळत नाही. अमेरिकेतील अनेक नेमबाजीच्या मैदानांवर पिस्तुले भाड्याने चालवून पाहता येतात. तेथे जाऊन पन्नास गोळ्या झाडाव्यात आणि एकावन्नावी झाडावीशी वाटते का, हे स्वतःला विचारावे. ज्या पिस्तुलाने तळहात सोलवटतो त्याचा सराव माणूस टाळतो; ज्याचा सराव टाळतो त्यावर त्याचा विश्वास बसत नाही; आणि विश्वास नसलेले शस्त्र प्रसंगी हातात आले, तर सुटलेली गोळी कोणाला लागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, जबाबदारी मात्र परवानाधारकाचीच राहते. या परीक्षेत अगदी लहान पिस्तूलही उत्तीर्ण झाले, तर माझी हरकत नाही; मग ते खिशाच्या मापाचे असूनही हाताने निवडलेले ठरेल. पण जो विक्रेता ‘हे कोठे लपवाल?’ एवढेच विचारतो आणि ‘हे चालवून पाहिलेत का?’ हे विचारीत नाही, त्याच्याकडून त्या दिवशी काहीच विकत घेऊ नये.