गुलाबजाम पुरे झाले, गणित शिकवा

डिसेंबर जवळ आला की आमच्या बालगृहाचा फोन थांबत नाही. ‘मुलांना एक वेळचं जेवण द्यायचंय, पंचवीस तारीख मिळेल का?’ पंचवीस केव्हाच गेलेली असते. मग चोवीस विचारतात, मग एकतीस. १५ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, अख्खा पितृपंधरवडा, कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. सगळे दिवस भरलेले आणि प्रत्येक ताटात गुलाबजाम. एखाद्या रविवारी दुपारचं जेवण एका कुटुंबाकडून येतं, रात्रीचं एखाद्या मंडळाकडून, आणि सोमवारी निम्मी मुलं पोट धरून बसतात. जूनमध्ये मात्र वह्या, दप्तरं आणि पावसाळी चपला एकदम लागतात, तेव्हा फोन गप्प असतो.

मी नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती बालगृहाच्या कमिटीवर बरीच वर्षं आहे. (सरकारदरबारी जिल्हा आता अहिल्यानगर झाला, आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) जेवण देणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. त्यांच्या मनात चांगलंच असतं, आणि दुष्काळाच्या वर्षी याच लोकांनी आमची चूल पेटती ठेवली. पण आमच्या मुलांची भूक आता पोटाची राहिलेली नाही. त्यांना ओळखीची मोठी माणसं हवी आहेत. दहावीचा निकाल लागला की ज्यांना पहिला फोन करावा, अशी.

आधी एक गैरसमज काढू. तुम्ही ‘अनाथ मुलांना’ भेटायला येता, पण आमच्याकडच्या बहुतेक मुलांची आई, बाप, निदान आजी तरी हयात आहे. कुणाचा बाप दारूत बुडाला आणि आई माहेरी निघून गेली. कुणाच्या आईनं दुसरं लग्न केलं, नव्या नवऱ्याला पहिलं मूल नको. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात, आणि वयात येणाऱ्या मुलीला उसाच्या फडात न्यायची त्यांना भीती वाटते. कुणाचा बाप तुरुंगात. रस्त्यावर सोडलेली, नाव-गाव न सांगता येणारी मुलंही येतात, पण ती थोडी.

हे बघायचं असेल तर महिन्यातल्या भेटीच्या रविवारी या. उपासना आटोपली की मुलं गेटपाशी घुटमळायला लागतात. एसटी थांबली की सगळ्यांच्या माना वळतात. कुणाची आई उतरते. हातात पिशवी, पिशवीत फरसाण, खोबरेल तेलाची बाटली, केसांच्या रिबिनी. मूल धावत जात नाही, हे नव्या माणसाला खटकतं. ते आधी जरा लांबच उभं राहतं, मग पिशवीत डोकावतं, मग हळूच आईच्या पदराशी येतं. दुपारपर्यंत जिची आई आलेली नसते ती मुलगी पाणी प्यायच्या निमित्तानं गेटवरून फेऱ्या घालते. संध्याकाळी मावशी तिला मुद्दाम स्वयंपाकघरात कणीक मळायला बसवतात. कुणी सांत्वन केलेलं तिला चालत नाही. जिची आई आली होती ती फरसाणाचा पुडा फोडून सगळ्यांना मूठमूठ वाटते, आणि सगळे खातात, तीसुद्धा.

एरवी आमचा दिवस कुठल्याही वसतिगृहासारखाच. पाचला घंटा, बंबाच्या पाण्यासाठी रांग, तेल-वेणी, उवांची फणी, एखादं गीत आणि प्रार्थना, पोहे, शाळा. प्रत्येकाची पत्र्याची पेटी, तिला कुलूप, आणि किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. नवं मूल आलं की पहिले काही आठवडे त्या पेटीत चपात्या सापडतात. रात्रीच्या जेवणातून उचलून ठेवलेल्या, कडक झालेल्या. आमच्या मावशी त्यावरून कधी ओरडत नाहीत. उद्याही जेवण मिळणार आहे, याची खात्री पटली की चपात्या आपोआप थांबतात.

प्रार्थनेचा विषय निघाला म्हणून सांगतो. ‘तुम्ही मुलांना ख्रिस्ती करता का?’ हा प्रश्न लोक बाहेर गेल्यावर एकमेकांना विचारतात. आम्हाला विचारा, आम्ही रागावणार नाही. हा संशय जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात गहजब झाला. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, नाताळात गोठा होतो, हे लपवण्यासारखं नाही. मूल आलं तेव्हा कागदावर त्याचा जो धर्म होता तोच जाताना असतो, आणि गणपतीत गावच्या लेझमीत आमची मुलं पुढं असतात. एखाद्या संस्थेत वेगळं चालल्याची शंका असेल तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी तक्रार करा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुजबुज करून मुलांच्या जिवाला घोर लावू नका.

रमाबाईंचं काम मी मुद्दाम काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांची शेतजमीन होती, तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दीड हजारांच्या पुढं गेली. बाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले होते, त्यामुळे भुकेलेल्या पोराला आधी काय लागतं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. पण त्या जेवू घालून थांबल्या नाहीत. तिथं शेती होती, हातमाग होते, दुभती जनावरं होती, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. बाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या मुलींत दुष्काळातून आलेल्याही होत्या. ज्या मुलीला गावानं टाकलं तिच्या हाताला बाईंनी एक येणारं काम दिलं. मला विचाराल तर सव्वाशे वर्षांनंतरही बालगृह चांगलं की वाईट हे ओळखायची हीच कसोटी आहे: इथून बाहेर पडणाऱ्याला काय येतं?

आता तुम्ही नेमकं काय करावं, ते.

टाकलेलं मूल दिसलं तर ते उचलून थेट आमच्या दारात आणू नका. बालगृहाला स्वतःच्या मर्जीनं मूल ठेवून घेता येत नाही; बालकल्याण समितीचा आदेश लागतो. १०९८ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे. तो लावा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. सापडलेल्या मुलाची खबर २४ तासांत द्यायची, हा कायदाच आहे. ‘आमच्या बहिणीला मूल नाही, तिलाच देऊन टाकू’ हा मोह तर अजिबात नको. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रक्रिया टाळून दत्तक देणं-घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दत्तकासाठी नोंदणी करावी लागते, प्रतीक्षा यादी लांब आहे, शेवटचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. वाट बघावी लागते, ती बघावी.

आणि एखादी पोरगी अडली असेल, बाळ ठेवता येत नसेल, तर तिला कुणीतरी हे सांगा: बाळ उकिरड्यावर किंवा देवळाच्या पायरीवर ठेवायची गरज नाही. समितीपुढं जाऊन ते रीतसर सोपवता येतं. तिचं नाव बाहेर येत नाही. सोपवल्यावर तिला ६० दिवस फेरविचाराला मिळतात. मन बदललं तर बाळ परत घेता येतं. आपल्याकडे बायका ही गोष्ट एकमेकींना सांगत नाहीत, आणि त्याची किंमत त्या बाळाला मोजावी लागते.

सगळ्यात मोठी मदत तर आमच्या दारापर्यंत न येता होते. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई विधवा असेल, शेजारची आजी नातवंडं सांभाळत असेल, तर त्या मुलांना बालगृहात धाडायचा सल्ला देऊ नका. बालसंगोपन योजनेत अशा मुलामागं महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून, निकषांत बसल्यास, ४,००० रुपये. पैसे सरकारचे आहेत, पण अर्ज भरणारं माणूस नसतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायचा, शाळेचं बोनाफाईड आणायचं, मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक लावायचं आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन द्यायचं. निरक्षर आजीला हे डोंगराएवढं वाटतं. तुमचे दोन-चार हेलपाटे होतील, पण एक मूल आपल्या घरी, आपल्या गोधडीत झोपेल. बालगृह कितीही चांगलं असलं तरी मुलानं तिथं वाढावं ही शेवटची सोय आहे, हे बालगृहवाल्यानंच सांगितलेलं बरं.

आमच्याकडे यायचंच असेल तर जरूर या. आधी संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. बिननोंदणीचं बालगृह चालवणं गुन्हा आहे, आणि ज्याला कागद दाखवायला जड जातं त्याला पैसे देऊ नका. मोबाइल खिशात ठेवा. मुलांचा फोटो आणि ओळख जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे, केक कापतानाचा फोटोसुद्धा त्यात येतो. जुने कपडे आणताना एवढंच बघा की ते तुमच्या मुलानं घातले असते का. आमच्या कोठीखोलीत लग्नातल्या शेरवान्या आणि चाक नसलेल्या मोटारी खोक्यानं पडल्यात. ‘तुझे आईबाप कुठं आहेत?’ हे विचारू नका. आणि एकदाच येणार असाल तर फार लळा लावू नका. ‘परत येईन हं’ म्हणून गेलेल्या पाहुण्याची वाट ही मुलं कॅलेंडरवर खुणा करून बघतात.

त्यापेक्षा आठवड्यातला एक ठरलेला तास द्या. आठवी ते दहावीचं गणित आणि इंग्रजी, इथं आमची मुलं हमखास पडतात. निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब, इंजिनिअरिंगची पोरं, कुणीही चालेल. फक्त वर्षभर न चुकता यायचं. दाताचे डॉक्टर असाल तर सहा महिन्यांतून एकदा दात बघा. वायरमन, सुतार, शिंपी, बेकरीवाले असाल तर सुट्टीत एका मुलाला हाताखाली घ्या. नोंदणी, पोलीस पडताळणी हे सोपस्कार आम्ही सांगू. ते करावे लागतात म्हणून मनाला लावून घेऊ नका. मुलांच्या जवळ येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी व्हायलाच हवी.

आणि शेवटी अठराव्या वर्षाचं. ज्या वाढदिवसाला तुमची मुलं गाडी मागतात त्या वाढदिवसानंतर आमची मुलं बालगृहाबाहेर पडतात. २१ वर्षांपर्यंत पुढच्या सोयीची तरतूद कायद्यात आहे, अनुरक्षणगृहं आहेत, पण जागा अपुऱ्या. राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मुलानं बालगृह सोडण्याआधीच काढून घ्यावं, नंतर फार पायपीट होते. यापुढचं मात्र कुठल्याही शासन निर्णयात बसत नाही. खोली भाड्यानं घ्यायला गेलं की मालक विचारतो, ‘घरचे कोण?’ कर्जाला जामीन कोण? ताप आला तर डबा कुणाकडून? लग्न ठरवायला बसायचं तर मुलाकडून बोलणार कोण? आमच्याकडून नर्सिंग करून गेलेल्या एका मुलीला पगार चांगला असूनही महिनोन्‌महिने खोली मिळत नव्हती, कारण फॉर्मवर वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती.

तेव्हा या नाताळला जेवणाची तारीख मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या जवळच्या बालगृहात जा आणि यंदा अठरा पूर्ण करणारी मुलं किती ते विचारा. त्यातल्या एकाला तुमची रिकामी खोली भाड्यानं द्या, दुकानात नोकरी द्या, नाहीतर निदान फॉर्मवर ‘ओळखीची व्यक्ती’ म्हणून तुमचं नाव आणि नंबर लिहू द्या. आणि त्यानं रात्री-अपरात्री फोन केला तर उचला.